आगीचं कारण : शॉर्ट सर्किट

आमच्या विभागासाठी नगरपरिषदेनं पहिला खर्च मंजूर केला तो एका पाटीसाठी. ‘उघड्यावर कचरा, पालापाचोळा वा अन्य वस्तू जाळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ सागवानी फळी, पांढरा रंग, लाल अक्षरं. बाजार चौकात ती थंडीत लागली आणि मार्चमध्ये होळीत जळली. आमच्याकडे होळीचं लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात, आणि चौकात उभी असलेली सागवानी फळी कोण सोडतो? दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, पुन्हा गेली. तिसऱ्या वर्षी मी लोखंडी पत्र्याची करून घेतली. ती अजून शाबूत आहे. लोक तिच्याच बुडाशी कचरा पेटवतात, कारण पत्र्याचा आडोसा मिळतो आणि काडी विझत नाही.

मी एकतीस वर्षं अग्निशमन विभागात काढली. अकोला आणि अमरावतीच्या मधलं गाव आहे, नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. फायरमन म्हणून लागलो, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. विभागप्रमुख हे ऐकायला फार बरं वाटतं. विभाग म्हणजे पाण्याचा एक बंब, एक जीप, सात माणसं आणि एक रजिस्टर. संपादकांनी ‘थरारक प्रसंग’ लिहा म्हणून कळवलं आहे. त्यांची निराशा होणार. आग विझवणं हे आमचं काम आहे असं लोकांना वाटतं, पण आग महिन्यातून एकदा-दोनदा लागते. उरलेले दिवस आम्ही आग लावू नका असं सांगत फिरतो आणि लोक आमच्याकडे पाहून हसतात.

नियम तसे साधे आहेत. दिवाळीत फटाक्याच्या दोन दुकानांत तीन मीटर अंतर हवं आणि त्यांची तोंडं समोरासमोर नकोत, म्हणजे एक पेटलं तर दुसऱ्यानं त्याला उत्तर देऊ नये. फटाके रात्री आठ ते दहा. दवाखाना, शाळा यांच्याजवळ मुळीच नाही. उन्हाळ्यात शेताचे बांध, म्हणजे धुरे, आणि कापसाची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, पेटवायची नाही. होळी तारांखाली नको, झाडाखाली नको आणि जिनिंगजवळ तर नकोच. हे सगळं रिक्षावर भोंगा बांधून आम्ही दरवर्षी गावाला ऐकवतो. एका वर्षी रिक्षावालाच भोंग्यात बोलता बोलता बिडी ओढत होता. मी त्याला हटकलं तर म्हणाला, साहेब, बिडी नियमात कुठं आहे?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक वकीलसाहेब राहायचे. दिवाळीत दहा वाजून चार मिनिटांनी त्यांचा फोन ठरलेला. अमक्याच्या गच्चीवर लवंगी वाजली, तमक्याच्या दारात सुतळी बॉम्ब. एकदा मी त्यांच्या फोनवरून निघालो तर आवाज त्यांच्याच गच्चीवरून येत होता. जावईबापू मोठी माळ लावून बसले होते. वकीलसाहेब जरासुद्धा गडबडले नाहीत. माळ नऊ अठ्ठावन्नला पेटवलेली आहे, त्यांनी मला समजावलं. नियम पेटवण्याविषयी आहे, संपण्याविषयी नाही. मी तिथं उभा राहून ती माळ संपेपर्यंत कायदा ऐकला.

आणि एक अकोटकडचा शेतकरी. एकतीस वर्षांत पऱ्हाटी जाळायची परवानगी मागायला आलेला हा एकमेव माणूस. बाकीचे सरळ काडी लावतात. आमच्याकडे दंडाचा फॉर्म होता, परवानगीचा नव्हता. मी त्याला जायचं ते टेबल दाखवलं, त्या टेबलानं आणखी एक दाखवलं, शेवटी तो फिरून माझ्यापुढं आला. वैतागला नव्हता, दमला होता. म्हणाला, “साहेब, दंडाचीच पावती फाडा न्‌ मले काडी लावू द्या.” त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, बहुधा उद्या या म्हटलं असेल.

आता रजिस्टरचं सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत त्याच्याच एका रकान्यातली आहे. प्रत्येक आगीनंतर आम्हाला अहवाल लिहावा लागतो. कुठं लागली, किती वाजता, बंब किती वाजता पोचला आणि आगीचं कारण. हा शेवटचा रकाना मोठा अवघड. जळून गेलेल्या ढिगाऱ्यात कारण शोधायचं म्हणजे निम्मी अक्कल आणि निम्मा अंदाज. शिवाय त्या रकान्यात जे लिहू ते पोलिसांकडे जातं, विम्याकडे जातं, कोर्टात जातं. माणसाचं नाव लिहिलं की माणूस अडकतो. ‘अज्ञात’ लिहिलं की चौकशी लागते. म्हणून आमच्या धंद्यात एक सोय आहे, तिचं नाव शॉर्ट सर्किट. त्यात कोणी अडकत नाही, वायर काही बोलत नाही आणि साहेबांची सही लगेच होते. आमच्या रजिस्टरमध्ये शॉर्ट सर्किटनं जळलेली एक कुटाराची, म्हणजे जनावरांच्या भुसकटाची, गंजी आहे, जिच्या आसपास कोसभर विजेचा खांब नव्हता. ती माझ्या आधीच्या साहेबांची कामगिरी. मी ती वाचून पुष्कळ हसलो होतो. पुढं माझी पाळी आली.

गावाच्या एका अंगाला जिनिंग आहे. जिनिंग म्हणजे जिथं कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात तो कारखाना. हंगामात आवारात कापसाचे घराएवढे ढीग पडतात, त्यांना गंजी म्हणतात. या आवाराच्या तारेच्या कुंपणाबाहेर मोकळी जागा आहे आणि तिथं त्या वस्तीची होळी पेटते. जमिनीत पुरलेला एक दगड आहे, त्याच्यावरच रचायची, हातभर इकडं नाही की तिकडं नाही. पेटवायचा मान शालिकरामबाबांच्या घराकडं. बाबा त्या वेळी पंच्याहत्तरीचे असतील. ताठ, कमी बोलणारे, डोक्याला पांढरं फडकं.

नियमाप्रमाणं जिनिंगपासून पन्नास मीटरच्या आत उघडी आग चालत नाही. दगडापासून कुंपण तीस-पस्तीस पावलं. विभागप्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी मी टेप घेऊन गेलो. बाबांनी टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं, आकडा वाचून दाखवला आणि मग शांतपणे म्हणाले, “होयी जिनाच्या अगोदरची हाय साहेब. जिनाले म्हना, तू सरक.”

यावर नियमावलीत उत्तर नाही. मी पुष्कळ समजावलं, त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं आणि होळी तिथंच पेटली. मग दरवर्षी आमचं एक ठरून गेलं. होळी पेटल्यापासून सकाळपर्यंत बंब दगड आणि कुंपण यांच्या मधोमध उभा राहील. ही अट माझी. रात्री होळीवर पाणी मारायचं नाही. ही अट त्यांची.

पाणी का नाही ते सांगितलं पाहिजे. धुळवडीच्या सकाळी होळीचे निखारे घरोघर नेतात आणि त्यावर आंघोळीचं पाणी तापवतात. त्या पाण्यानं आंघोळ केली की उन्हाळा बाधत नाही असं आमच्याकडं मानतात. मी स्वतः दरवर्षी करत आलोय, उन्हाळा मला दरवर्षी बाधतो, तरी करतो. ज्यांच्या घरातून कोणी येऊ शकत नाही, म्हातारे-कोतारे, बाळंतिणी, त्यांच्याकडं निखारे पोचवायचं काम बेबीबाईचं होतं.

बेबीबाई त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला होती. लग्न होऊन वस्तीत आली त्याच वर्षी बाबांनी तिच्या हातात घमेलं दिलं, कारण तिचं चालणं त्यांना आवडलं, असं ती सांगायची. घमेल्यात आधी राखेचा जाड थर, त्यावर निखारे, वरून पुन्हा राख. डोक्यावर ओली चुंबळ. ती कुंपणाच्या कडेनं वीस-पंचवीस घरं फिरायची आणि रस्त्यात ठिणगीसुद्धा सांडायची नाही. मी एका वर्षी मुद्दाम तिच्या मागं चालत गेलो होतो, तपासणी म्हणून. आमच्या माणसांना निखारे असे वाहता आले नसते. बाबा तिचं घमेलं सगळ्यांत आधी भरायचे आणि तोवर बाकीचे लोक थांबायचे. तिला त्याचा फार अभिमान होता. तो मान तिच्या घराण्याचा नव्हता, तिनं चालून मिळवलेला होता.

आता पाच वर्षांमागची धुळवड. माझी दोन वर्षं उरली होती आणि जाता जाता नाव व्हावं अशी मला हौस सुटली होती. मी गावातल्या एका बातमीदाराला बोलावून ठेवलं. परंपरा आणि सुरक्षितता, दोन्ही कशी सांभाळायची ते आमच्या विभागाकडून शिका, असा काहीसा मजकूर मीच त्याला तोंडी सांगितला होता. सकाळी निखारे वाटून झाले, बेबीबाई घमेलं घेऊन कुंपणाच्या कडेनं निघून गेली, आणि मी गजूला पंप सुरू करायला सांगितलं. गजू आमचा ड्रायव्हर. बंबाचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. गाडी जागेवर उभी आणि इंजिन भरधाव, असा तो प्रकार असतो. गजूनं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, खाली वायलं गवत हाय. जरासी पुढं घेऊ का?”

पुढं घेतली असती तर फोटोत मागं होळी आली नसती. मी म्हटलं, “पाण्याच्या बंबाखाली कोणती आग लागते रे, गजू?”

आजूबाजूचे हसले. बातमीदारानं ते वाक्य लिहूनसुद्धा घेतलं.

उरलेल्या निखाऱ्यांवर पाणी मारायला तीन-चार मिनिटं पुरली असती. फोटोसाठी आम्ही चांगला पाऊण तास मारलं. एकदा माझ्या हातात नोझल, एकदा फायरमनच्या, एकदा बाबांच्याही हातात द्यावं असं बातमीदाराला वाटलं. बाबांनी नकार दिला. राखेची वाफ इतकी उठली होती की समोरचा माणूस दिसत नव्हता. त्या वाफेतून कोणीतरी ओरडलं, गंजी पेटली. वळून पाहिलं तर कुंपणापलीकडच्या पहिल्या गंजीच्या बुडातून धूर निघत होता.

कापसाची आग लबाड असते. लाकूड भडकतं, दिसतं, त्याच्याशी भांडता येतं. कापूस आतल्या आत चरत जातो. वरून पाणी मारलं की वरचा थर भिजून त्याचं झाकण होतं आणि आत सुखानं जळत राहतं. म्हणून गंजी फोडावी लागते, ओढून पसरावी लागते, आणि पसरताना वारा लागला की पुन्हा पेटते. शेजारची गंजी वाचवली, पहिली गेली. जिनिंगला सुट्टी होती म्हणून आवारात माणूस नव्हतं, एवढं नशीब. अकोल्याहून दुसरा बंब आला तेव्हा ऊन चढलं होतं. निखाऱ्यांवर उडवलेलं पाणी आमच्या टाकीत असतं तर कदाचित पहिलीही निम्मी वाचली असती.

हे सगळं चालू असतानाच कारण ठरून गेलं होतं. कुंपणाच्या कडेनं निखारे घेऊन कोण गेलं? बेबीबाई. दहा जणांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. पोलिसांनी तिथंच तिचं नाव लिहून घेतलं, निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल म्हणाले, फायर ब्रिगेडचा अहवाल आला की बघू. ती रिकामं घमेलं घेऊन उभी होती. सारखं एकच म्हणत होती, वरून राख होती, मी राख टाकली होती. बाबा तिच्याकडं पाहत होते.

दुपारी गजूनं बंब पुढं घेतला आणि मला हाक न मारता नुसतं हातानं बोलावलं. गाडीखाली, सायलेन्सरच्या बरोबर खाली, काळा गोल होता. तिथून एक काळी रेघ गवतातून कुंपणापर्यंत गेली होती, आणि कुंपणाला तर जिनिंगमधून उडालेल्या रुईचे पुंजके कायमच चिकटलेले असतात. मागच्या चाकाचं रबरी मडगार्ड खालून वितळलं होतं. पाऊण तास भरधाव चाललेल्या इंजिनाचा सायलेन्सर, त्याच्याखाली गुडघाभर वाळलेलं गवत. बेबीबाईची वाट कुंपणाला मिळते ती जागा तिथून चांगली वीस पावलं लांब आणि तिच्या वाटेवरचं गवत जसंच्या तसं उभं होतं. एकतीस वर्षांत इतकं स्वच्छ कारण मला कधी सापडलं नव्हतं.

गजू माझ्याकडं पाहत होता. मी आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं. त्यानं बुटानं ती राख पसरवून टाकली. त्यालाही मुलंबाळं होती.

संध्याकाळी मी अहवालात ‘कारण अज्ञात’ लिहिलं. खरं लिहायला घेतलं आणि हात थांबला, असं सांगायला आवडलं असतं, पण मी खरं लिहायला घेतलंच नाही. मुख्याधिकारी साहेबांनी वाचलं. अज्ञात म्हणजे वरून चौकशी, ते म्हणाले, आणि मग उगाच त्या बाईला त्रास. तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं ते मला चांगलं माहीत होतं. चौकशी झाली तर बंबाखाली वाकून पाहणारा कोणीतरी निघेल, असं वाटत होतं. मी म्हटलं, शॉर्ट सर्किट असू शकतं. त्यांनी पेन पुढं केलं. मी खोडून लिहिलं, सही केली, शिक्का मारला. बाईवरचा गुन्हा तिथंच संपला. जिनिंगच्या शेठना विम्यासाठी हेच कारण सोयीचं होतं, ते खूश. साहेब खूश. मी घरी येऊन पोटभर जेवलो आणि बायकोला म्हटलं, आज एका गरीब बाईला वाचवलं.

इथं माझी हुशारी आडवी आली. धुळवडीच्या दिवशी जिनिंग बंद असतं आणि मेन स्विच आदल्या दिवशीच पाडतात, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीजच नव्हती तर शॉर्ट सर्किट कुठून झालं? लोकांनी बरोबर हिशेब केला. साहेबानं खोटं लिहिलं. कशाला लिहिलं? बेबीबाईला वाचवायला. म्हणजे आग तिनंच लावली. तिच्यावर गुन्हा चालला असता तर निदान कोणी वकील उभा राहिला असता, कोणी वाट मोजली असती, गवत पाहिलं असतं. माझ्या अहवालानं ती सुटली आणि कायमची गुन्हेगार ठरली.

पुढच्या हंगामात जिनिंगच्या मुकादमानं तिला सांगितलं की माणसं भरली. होळीची जागा आम्ही बदलली. आता हरकत घ्यायला बाबांकडं तोंड उरलं नव्हतं. दगड तिथंच राहिला आणि होळी नाल्यापलीकडच्या मैदानात गेली, सर्व नियमांत बसून. बाबा तिथं जाऊन पेटवायचे. पहिल्या वर्षी बेबीबाई घमेलं घेऊन आली, तेव्हा बाबा तिला एवढंच म्हणाले की बाई, तू राहू दे. रागानं नाही. ती मागं सरकली आणि पुढं कधी घमेलं घेऊन आली नाही. हे मी स्वतः पाहिलं, बंबाच्या पायरीवर बसून. बंब त्या दिवशी सिमेंटच्या रस्त्यावर उभा केला होता. मी शिकलो होतो.

आणि त्या वर्षीपासून दर धुळवडीला बेबीबाई माझ्या घरी डबा घेऊन यायची. चार पुरणपोळ्या, वर तुपाची वाटी. दारातच उभी राहायची. “तुमच्यामुयं मी जेलात गेली नाई साहेब,” म्हणायची. मी म्हणायचो, अवो, कशाला एवढं. आणि डबा घ्यायचो. पुरणपोळ्या चांगल्या असायच्या. मी त्या चार वर्षं खाल्ल्या. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण खाताना नाही.

दोन वर्षांमागं थंडीत बाबा गेले. मी निवृत्त झालो होतो, तरी अंत्ययात्रेला गेलो.

यंदाच्या धुळवडीला डबा आला तेव्हा बायकोनं तो घेतला. ती मूळची भातकुलीची, तिच्यापुढं आडपडदा चालत नाही. बाई गेल्यावर तिनं विचारलं, पाच वर्षांमागं तुमी तिला वाचवलं म्हणता, ती आणखी किती वर्षं डबे आणणार? आणि असं काय वाचवलं? मी सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे, निवृत्त माणसाला दुपारी फार वेळ असतो. तिनं सगळं ऐकलं, पोळ्या ताटात काढल्या, पण मला वाढल्या नाहीत. डबा घासून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, “डबा रिकामा देत नसतेत. काय टाकता त्याच्यात? तुमी जाऊन सांगा, नाई तं मी सांगतो.”

मी गेलो. बेबीबाईचं घर वस्तीच्या शेवटच्या ओळीत. हल्ली ती निंदायला, कापूस वेचायला शेतात जाते. सणाचा दिवस म्हणून घरी होती. तिनं खुर्ची पुसून दिली, चहा टाकते म्हणाली. मी नको म्हटलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. गवत, सायलेन्सर, काळा गोल, गजूनं पसरलेली राख, माझं फोटोचं वेड, सगळं. मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. शिव्यांची मी तयारी करून गेलो होतो.

तिनं आधी प्रश्न विचारले, मी कधी कोणाला विचारले नसतील इतके नेमके. बंब कुठं होता, तोंड कोणीकडं होतं, वारा कुठून होता. मग विचारलं, “माह्या घमेल्यातून काईच पडलं नव्हतं?”

नव्हतं, मी म्हटलं.

“एकबी नाई?”

एकही नाही.

ती खाली बसली. म्हणाली की पाच वर्षं ती रोज डोळे मिटले की त्या वाटेनं पुन्हा चालायची, कुठं तोल गेला ते शोधत. शेवटी तिनं एक जागा नक्की केली होती. कुंपणाच्या वळणावर एक खड्डा होता, तिथं तिनं मान वळवून कोणाच्या तरी हाकेला ओ दिली होती. तिथंच निखारा पडला असणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बाबांना तिनं तसं कबूलही केलं होतं, त्यांच्या पाया पडून. बाबा म्हणाले होते, “होऊन जाते एखादवेळी.”

“बाबा तं गेले नं जी,” ती म्हणाली. “त्याईले कोन सांगन आता?”

मग ती उठली, घरातून मुलीची वही आणि पेन आणलं आणि माझ्यापुढं धरलं. हे लिहून द्या, म्हणाली. मी खुर्चीवर बसून लिहायला लागलो. सवयीनं हात सरकारी भाषेकडं गेला. सदर महिलेस या प्रकरणातून मुक्त करण्यात येत आहे, असं काहीतरी. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, माझ्या खांद्यावरून एकेक अक्षर लावत वाचत होती. तिनं मला थांबवलं.

“मी सुटली असं नका लिहू. मी केलीच नव्हती असं लिहा.”

मी ते पान फाडलं आणि दुसऱ्यावर तिनं सांगितलं तसं लिहिलं. आग बंबाखालच्या गवतानं लागली. बंब मी तिथं उभा करायला लावला. ड्रायव्हरनं सांगितलं, मी ऐकलं नाही. बेबीबाईच्या घमेल्यातून काही पडलं नव्हतं. खाली माझं नाव, हुद्दा, पुढं ‘निवृत्त’. तिनं मला हेही सांगितलं की आता कुठंतरी छापा, सगळ्यांनी वाचलं पाहिजे, आणि तिचं नाव बदलायचं नाही. म्हणून संपादकांनी थरारक प्रसंग मागितला तेव्हा मी हा दिला.

तिनं कागद पुन्हा एकदा सगळा वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि सहीशेजारच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं. शिक्का नाही मारला, म्हणाली.

मी सांगितलं की शिक्का माझ्याजवळ नाही, तो ऑफिसात असतो, आता मी निवृत्त झालो.

तिनं कागदाची घडी घातली.

“तवा होता नं, साहेब.”